दादाला नुसतं पडून राहू देऊ नका

बेंगळुरू, मंगळवार

ती. सौ. वहिनींस,


दादाचा डिस्चार्ज शुक्रवारी ठरला आहे. तुमचा अजय त्याला घेऊन निपाणीला पोहोचेल, तेव्हा फाईलबरोबर हे पत्रही तुमच्या हाती पडेल. फोनवर मी सांगते, तुम्ही ‘हो हो’ म्हणता आणि मागून घरातले चार जण बोलत असतात. म्हणून लिहूनच पाठवते.

बायपास उत्तम झाली. पायातली शीर काढून तिच्यातून हृदयाला रक्ताची नवी वाट करून द्यायची, ही पद्धत रेने फावालोरो यांनी 1967 पासून अमेरिकेत क्लीव्हलंडला रुळवली. आज बेंगळुरूत ते रोजचं काम आहे. सर्जनचा वाटा काही तासांत संपला. पुढचं सगळं सिस्टरांनी केलं, आणि आता ते तुमच्याकडे येणार आहे. तुम्ही कराल यात मला शंका नाही. शंका आहे ती तुम्ही जास्त कराल याची.

पहिल्या रात्री आयसीयूत दादाच्या खाटेशी एक सिस्टर फक्त त्याच्यासाठी होती. कोट्टयमची मुलगी, वयानं अजयएवढी. नाडी, रक्तदाब, श्वास, लघवी किती झाली, छातीतल्या नळीतून रक्त किती आलं, दर तासाला सगळं लिहीत होती. रक्त जास्त आलं तर धोका, हे कुणालाही कळतं. ते एकाएकी थांबलं तरी धोका असू शकतो, हे सिस्टरला कळतं, कारण नळीत गुठळी अडकून रक्त हृदयाभोवती साचत असेल. आयुष्यभर मी हेच काम केलं, आणि त्यातलं निम्मं काम नुसतं नीट बघण्याचं असतं. फ्लोरेन्स नाइटिंगेलनं 1859 मध्ये शुश्रूषेवर पुस्तक लिहिलं, त्यात रुग्णाचं निरीक्षण कसं करावं यावर एक वेगळं प्रकरणच घातलं.

हे बघणं घरच्यांना शिकवता येतं, आणि त्याचा मोठा प्रयोग इथेच, कर्नाटकात झाला. होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रला डॉ. देवी शेट्टींचं नारायण हृदयालय आहे. तिथे बंगाल-आसामपासून माणसं येतात, आणि एका रुग्णामागे दोन-तीन नातेवाईक बाहेर बसून असतात. बारा-तेरा वर्षांपूर्वी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी नारायणच्या रुग्णालयांत ही बसलेली माणसं पाहिली. सगळी काळजीनं अर्धमेली, आणि काय करायचं ते कुणीच सांगितलेलं नाही. त्यातून ‘नूरा हेल्थ’ ही संस्था निघाली. वॉर्डातल्याच सिस्टर नातेवाइकांचा वर्ग घेतात: हात कसे धुवायचे, जखम कशी बघायची, व्यायाम कोणते, कशाला घाबरायचं नाही आणि कशाला ताबडतोब फोन करायचा. असं शिकवल्यावर हृदय शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्याभरातल्या गुंतागुंती 71 टक्क्यांनी घटल्या, असं ही संस्था सांगते. आकडा त्यांचा त्यांनीच दिलेला, तेव्हा थोडा हात राखून घ्यावा. पण न शिकवता घरी पाठवलेल्या माणसांचे हाल मी पाहिलेत, त्यामुळे दिशा खरी आहे एवढं मी सांगते.

आता आपल्या घरचं. दादा आला की तुम्ही त्याला खोलीत झोपवाल, पाणीसुद्धा हातात द्याल. ते करू नका. पूर्वी डॉक्टरही हृदयाच्या झटक्यानंतर महिना-दीड महिना खाटेवरून हलू देत नसत. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला बॉस्टनच्या लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा लोक दचकले. पण खाटेला खिळवल्यानं पायात गुठळ्या होतात, त्या फुप्फुसात जातात, आणि माणूस मनानंही खचतो, हे हळूहळू सगळ्यांना पटलं. दादानं दिवसातून तीन-चार वेळा अंगणात चालायचं, रोज थोडं वाढवायचं. चालताना बोलता आलं पाहिजे. धाप लागून बोलणं तुटलं की थांबायचं.

त्यानं करायचं नाही ते एवढंच: छातीचं हाड तारेनं बांधलेलं आहे, ते सांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर भरलेली घागर, तंबाखूचं पोतं, नातवंड, काहीही उचलायचं नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत मोटारसायकल नाही. उठताना हातांवर जोर नको. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग उठायचं. खोकला दाबायचा नाही. छातीशी उशी घट्ट धरून खोकायचं, म्हणजे कफ निघतो आणि दुखतही कमी. तीन छोट्या चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र दिलंय, त्यात लोक हमखास फुंकतात. त्यातून श्वास आत ओढायचा असतो. दुखण्याची गोळी वेळेवर द्या. दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, आणि तिथून न्यूमोनिया सुरू होतो.

सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन करा आणि लिहा. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं, तर ते अंगावर मांस चढलेलं नसतं, पाणी साचलेलं असतं, लगेच फोन. ताप 100.4 च्या वर गेला, जखमेतून पू आला, हाड हलल्यासारखं कट्‌कन वाजलं, नाडी वेडीवाकडी पडायला लागली, तरीही फोन. छातीत दुखून घाम फुटला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर फोनवर बोलत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. शीर काढलेला पाय थोडा सुजेल, बसताना तो उशीवर ठेवा. पोटरी एकदम दुखून टणक झाली तर मात्र डॉक्टरांना दाखवा. टाक्यांवर हळद, तेल, लेप काही नाही. साबण-पाणी लावून हलकंच टिपून घ्यायचं.

लोणचं-पापड बंद. तोंडाला चव नाही म्हणून त्याच्यासाठी तांबडा रस्सा करू नका; चव पंधरवड्यात परत येते. आणि तंबाखू! तंबाखूच्याच वखारीत बसणाऱ्याला हे सांगणं अवघड आहे, पण डबी घरात दिसली तर मी स्वतः येऊन फेकीन, असं माझं नाव घेऊन सांगा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. दादा रडेल. ज्यानं बाबा गेले तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, तो टीव्ही बघता बघता रडेल, चिडेल, रात्री जागेल. अशा ऑपरेशननंतर हे पुष्कळांना होतं आणि ओसरतं. महिनाभरानंतरही तसंच राहिलं तर तेही डॉक्टरांना सांगायचं. त्यात लाज नाही.

भेटायला गाव लोटेल. प्रत्येकाजवळ कुणाच्या तरी मेव्हण्याची गोष्ट असेल, काढा असेल, गोळ्या बंद करण्याचा सल्ला असेल. त्यांना ओट्यावर बसवून चहा द्या, खोलीत सोडू नका. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही.

शेवटचं तुमच्याबद्दल. इथे आयसीयूत सिस्टरची पाळी संपली की दुसरी येते, कागद बघून सगळं समजून घेते, मग पहिली घरी जाते. थकलेल्या सिस्टरच्या नजरेतून चुका सुटतात, म्हणून ही व्यवस्था आहे. घरी तुमची पाळी कोण सोडवणार? आमच्या आईचंही तुम्हीच करता, स्वयंपाकही तुमचाच. म्हणून अजयला मी वॉर्डात सिस्टरसमोर उभं करून ड्रेसिंग, वजन, गोळ्यांच्या वेळा, सगळं करून घेतलंय. त्याला येतं. रात्रीच्या गोळ्या आणि सकाळचं वजन त्याच्याकडे. ‘आईच बघेल’ म्हणाला, तर हे पत्र त्याला वाचायला द्या.

आईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
शैला