एकशे साठ पॉइंट, ऑगस्ट, २०५७

न्यू जर्सीतल्या शाळा नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका गुरुवारी-शुक्रवारी बंद असतात. राज्यभरातल्या शिक्षकांचं अधिवेशन असतं. पुढचा शनिवार-रविवार जोडला की निम्मं जर्सी फ्लोरिडाला निघतं. ऑर्लँडोत या दिवसांना 'जर्सी वीक' असं नावच पडलंय. आमच्या घरी त्यात आणखी एक गोष्ट जुळते. माझे आई-बाबा एक वर्ष आड करून जूनमध्ये एडिसनला येतात आणि दिवाळी आमच्याकडे करून, थंडी अंगावर यायच्या आत परत जातात. त्यांना घेऊन सगळ्यांनी मिळून कुठे जायचं तर हा आठवडाच काय तो हाताशी असतो. डिस्नीची टाइमशेअर थेट कंपनीकडून घ्यायची की कुणा जुन्या सदस्याकडून रीसेलमध्ये, हा आमच्याकडे महिनोन्‌महिने चाललेला वाद शेवटी या आठवड्यावरच सुटला.

टाइमशेअर म्हटलं की आपल्याकडे लोक दोन पावलं मागे सरकतात. मॉलमध्ये कूपन भरून घेणारी मुलं, मग फोन, मग हॉटेलातलं फुकट जेवण आणि टेबलावर सरकवलेला फॉर्म हे पुण्या-मुंबईत कुणी पाहिलेलं नाही? माझ्या भावाकडे क्लब महिंद्राचं पंचवीस वर्षांचं सदस्यत्व आहे. जांभळा, लाल, पांढरा, निळा असे त्यांचे हंगाम असतात, आणि तो ते व्यवस्थित वापरतो. त्यामुळे मला हा प्रकार अगदीच फसवा वाटत नव्हता. नवऱ्याला मात्र शब्दानेच घाम फुटायचा. गंमत अशी की पुढे थेट खरेदीचा आग्रह त्यानेच धरला.

आधी आम्ही पॉइंट भाड्याने घेऊन राहिलो. डिस्नी व्हेकेशन क्लब १९९१ साली सुरू झाला. तिथे सदस्याला ठरावीक आठवडा मिळत नाही, वर्षाला ठरावीक पॉइंट मिळतात. खोली केवढी, कोणत्या दिवसांत आणि खिडकीतून काय दिसतं, यावर एका रात्रीचे पॉइंट ठरतात. ज्याला यंदा जायचं नसेल तो आपले पॉइंट दुसऱ्याला भाड्याने देतो. साधारण वीस डॉलरला एक पॉइंट असा भाव तेव्हा चालू होता. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सदस्याकडून आम्ही ते घेतले आणि अ‍ॅनिमल किंगडम रिसॉर्टच्या 'किदानी व्हिलेज'मध्ये दोन बेडरूमचं घर घेतलं.

त्या घराला तीन बाथरूम आहेत. सकाळी सहा माणसांना तयार होऊन बाहेर पडायचं असेल तर याचं मोल काय असतं, ते एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना सांगायला नको. स्वयंपाकघर पूर्ण, कपडे धुवायचं यंत्र घरातच. बाबांना मधुमेह आहे. त्यांची भाजी-भाकरी झाली की आम्ही मोकळे. गॅलरीसमोर मोकळं रान, त्यात जिराफ, झेब्रे आणि आफ्रिकेतली अंकोले जातीची गुरं. आई मूळची आटपाडीकडची, तिचं लहानपण खिल्लार जनावरांत गेलेलं. अंकोलेची ती मांडीएवढी जाड शिंगं बघून ती म्हणाली, "आगं, आपल्या खिल्लाराची शिंगं ह्याच्याम्होरं काडी की!" पार्क राहिलं बाजूला, आई-बाबा दिवसभर गॅलरीतच. खाली 'साना' नावाचं उपाहारगृह आहे. तिथे नान, कुलचा आणि नऊ तऱ्हेच्या चटण्या-लोणच्यांचं ताट मिळतं. त्यावर बाबांचा शेरा एवढाच, "नान बरा आहे, लोणचं गुळमट."

परतीच्या विमानातच ठरलं की हे नेहमीचं करायचं. पण भाड्याच्या पॉइंटवर सगळं दुसऱ्याच्या हातात. आरक्षण त्याच्या नावावर, बदल करायचा तर तो करणार, पैसे बहुतेक आधीच दिलेले. नोव्हेंबरसाठी कुणाकडे पॉइंट मिळतील की नाही, याचीही खात्री नाही.

पुढच्या फेरीत आम्ही थेट विक्रीची भेट घेतली. विक्रेत्याला तिथे 'गाइड' म्हणतात. बाई अत्यंत सभ्य होत्या, कुठलीही घाई केली नाही. त्यांनी प्रामुख्याने 'रिव्हिएरा' हे नवं रिसॉर्ट दाखवलं, २०१९च्या डिसेंबरात उघडलेलं. भाव पॉइंटला दोनशे डॉलरच्या वर, करार २०७० पर्यंत. कर्जाची सोय तिथल्या तिथे, पण त्याचा व्याजदर ऐकून मी वहीत एक रेघ मारली. फ्लोरिडाच्या कायद्याने सही केल्यानंतर दहा दिवसांत खरेदी रद्द करता येते, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. नवरा खूश. "सगळं स्वच्छ, कंपनीशी थेट व्यवहार, मध्ये कुणी नाही," असं त्याचं म्हणणं.

मी घरी येऊन रीसेलचे भाव काढले. अ‍ॅनिमल किंगडमचे पॉइंट शंभर ते सव्वाशेच्या मध्ये विकले जात होते. आम्हाला लागणार होते एकशे साठ. दोन बेडरूमच्या एका आठवड्याला, रान दिसणारी बाजू हवी असेल, तर तीनशेच्या पुढे पॉइंट जातात. पण यंदाचे पॉइंट न वापरता पुढच्या वर्षात ढकलता येतात. आई-बाबा वर्षाआड येतात, म्हणजे दोन वर्षांचे मिळून तीनशे वीस. थेट घेतले तर बत्तीस-तेहतीस हजार डॉलर, रीसेलमध्ये साडेसतराच्या आसपास.

आता कुणीही म्हणेल, मग विचार कसला करायचा? पण नवरा हिशेबाचा माणूस आहे. त्याने मांडणी अशी केली: रिव्हिएराचे दोनशे दहा धर, सत्तेचाळीस वर्षांवर पसर, वर्षाला साडेचार डॉलर पडतात. अ‍ॅनिमल किंगडमचे एकशे दहा, करार २०५७ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षं, सव्वातीन डॉलर. वर्षाकाठी फरक सव्वा डॉलरचा, एकशे साठ पॉइंटांवर दोनशे डॉलर. शिवाय वार्षिक मेंटेनन्स दोन्हीकडे पॉइंटमागे नऊ डॉलरच्या घरात, थेट घ्या की रीसेल. "दोनशे डॉलरसाठी एवढी शोधाशोध?"

हिशेब चोख होता. मी त्याला एकच विचारलं, २०७० साली माझं वय किती असेल? ब्याण्णव. त्याचं पंच्याण्णव. ती शेवटची तेरा वर्षं आम्ही विकत घेणार होतो ती कुणासाठी? हे घर अमेरिकी कायद्याने स्थावर मालमत्ताच असतं, दस्त फ्लोरिडातल्या ऑरेंज काउंटीत नोंदवला जातो, वारसाला मिळतो. पण वारसाला मेंटेनन्सही मिळतो. माझी मुलगी तेव्हा पन्नाशी उलटलेली असेल आणि तिला जिराफ बघायचे असतील की नाही, हे आज मी कोण ठरवणार? २०५७ पर्यंतच धरलं की रिव्हिएराचा पॉइंट वर्षाला सहा डॉलरच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

यावर त्याने दुसरा मुद्दा काढला, आणि तो खरोखर वजनदार होता. १९ जानेवारी २०१९ पासून नियम बदलले आहेत. त्यानंतर रीसेलमध्ये घेतलेले जुन्या, म्हणजे रिव्हिएराच्या आधीच्या, चौदा ठिकाणांचे पॉइंट रिव्हिएराला आणि पुढे होणाऱ्या नव्या ठिकाणी चालत नाहीत. थेट घेतलेले सगळीकडे चालतात. वर थेट सदस्यांना जेवणात, खरेदीत सवलती, सदस्यांसाठीचा वार्षिक पास घ्यायची मुभा, बे लेक टॉवरच्या माथ्यावरचं बसायचं दालन. रीसेलवाल्याला यातलं काही नाही. खोलीत शिरल्यावर मात्र कुणी थेट आणि कुणी रीसेल हे उशीला कळत नाही. चादर तीच, गॅलरी तीच, पॉइंटही तितकेच जातात.

आम्ही वर्षाआड जाणारी माणसं, वार्षिक पास काय करायचा? जेवणावरच्या सवलतीचं म्हणाल तर ज्या घरात सकाळी उपमा आणि रात्री खिचडी होते, तिथे थेट खरेदीचे जादा पंधरा हजार डॉलर वसूल व्हायला किती जन्म लागतील! दरवर्षी दोनदा जाणारं, पास काढणारं, नवं रिसॉर्ट उघडलं की तिथेच राहायचं म्हणणारं एक मराठी कुटुंब आमच्या ओळखीत आहे. त्यांनी थेट घेतलं आणि त्यांना ते शोभतं. शिवाय नियमाची दुसरी बाजूही आहे: रिव्हिएराचे पॉइंट पुढे विकायला काढले, तर घेणाऱ्याला ते फक्त रिव्हिएरालाच वापरता येतात. असल्या वस्तूला गिऱ्हाईक कितीचं मिळणार? विकायची वेळ कधी ना कधी येतेच, ही शक्यता खरेदीच्या उत्साहात कुणी बोलत नाही.

पण निकाल लावला तो जर्सी वीकने. ज्या ठिकाणचे पॉइंट तुम्ही घेता ते तुमचं 'होम रिसॉर्ट'. तिथे अकरा महिने आधी आरक्षण करता येतं, इतर ठिकाणी सात महिने आधी. सदस्यांची सगळ्यात जास्त झुंबड ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत असते. मोठी घरं मुळात थोडी. रिव्हिएराचे पॉइंट घेऊन किदानीतलं दोन बेडरूमचं घर नोव्हेंबरात सात महिने आधी मागणं म्हणजे आशेवर दिवस काढणं. आणि आम्हाला तर रिव्हिएरा नकोच होतं. नवऱ्याला हे पटलं तेव्हा तो म्हणाला, "मग अ‍ॅनिमल किंगडमच थेट घेऊ." तेही मिळतं. कंपनीला प्रत्येक रीसेलच्या व्यवहारात खरेदीचा पहिला हक्क असतो. तो वापरून परत घेतलेले पॉइंट ती पुन्हा थेट विकते, आपल्या भावाने. तेच घर, तोच २०५७, आणि किंमत दुप्पट. इथे वाद संपला.

रीसेलमध्ये भावाइतकाच महत्त्वाचा असतो 'यूज इयर', म्हणजे दरवर्षी कोणत्या महिन्यात नवे पॉइंट जमा होतात तो. दलाल हे समजावतातच असं नाही. आम्ही ऑगस्टचाच शोधला. पॉइंट पुढच्या वर्षात ढकलायला पहिले आठ महिने असतात, म्हणजे ऑगस्टवाल्यांना मार्चअखेरपर्यंत. नोव्हेंबरची सहल आई-बाबांच्या तब्येतीमुळे वेळेत रद्द झाली, तरी निदान त्या वर्षाचे पॉइंट वाचवायला अवधी राहतो. डिसेंबर यूज इयर असता तर नोव्हेंबर हा वर्षाचा शेवटचा महिना आला असता, आणि रद्द झालेली सहल म्हणजे बुडालेले पॉइंट. दुसरं बघायचं ते शिल्लक. काही विक्रेत्यांनी पुढच्या वर्षाचेही पॉइंट उसने काढून वापरलेले असतात. भाव स्वस्त दिसतो, पण मेंटेनन्स भरत दीड-दोन वर्षं घर मिळत नाही.

विक्रेता अमेरिकी आहे ना, हेही आम्ही आधी विचारून घेतलं. विकणारा परदेशी असेल तर किमतीतला काही भाग कापून करखात्याकडे भरायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. साधारण पंधरा टक्के. अनेक कॅनडावाले आणि ब्रिटिश सदस्य विकत असतात, म्हणून सांगितलं.

करार झाला की तो कंपनीकडे जातो. फार स्वस्तात सौदा जमवला असेल तर पहिला हक्क वापरून कंपनीच तो उचलते, तुमची इसाराची रक्कम परत येते आणि शोध पुन्हा सुरू. म्हणून आम्ही शेवटचा डॉलर घासून घेतला नाही. कंपनीचा निर्णय येईपर्यंतचा साधारण महिना नुसता वाट बघण्याचा. मग नोंदणीची कागदपत्रं, काही शे डॉलरचा खर्च, आणि सदस्य क्रमांक यायला आणखी काही आठवडे. पुढच्या नोव्हेंबरचं आरक्षण डिसेंबरच्या आरंभी उघडतं. हे धरून आम्ही उन्हाळ्यातच सौदा केला होता. ऑक्टोबरात सुरुवात केली असती तर किल्ली हातात येईपर्यंत घर गेलं असतं. थेट खरेदीत ही अडचण नसते, पॉइंट लगेच वापरायला मिळतात. थेटच्या बाजूने मला मनापासून मान्य असलेला मुद्दा हाच.

इथल्या मराठी मंडळातल्या मैत्रिणी विचारतात तेव्हा मी त्यांना थेट की रीसेल हे सांगत नाही. आधी कुणाचे तरी पॉइंट भाड्याने घेऊन, ज्या आठवड्यात तुम्हाला खरंच सुट्टी मिळते त्याच आठवड्यात, घरातली सगळी माणसं घेऊन राहून या. कुठे राहायचं ते एकदा पक्कं झालं आणि ते जुन्या चौदांपैकी असलं, तर रीसेल घ्या. कर्ज काढावं लागत असेल तर दोन्हीपैकी काहीच घेऊ नका.

आमचा करार ३१ जानेवारी २०५७ ला संपतो. मेंटेनन्सचं बिल तोपर्यंत दर जानेवारीत येत राहील, आणि आतापर्यंत ते कमी झालेलं मी पाहिलेलं नाही.