एकपानी

अंगानं सडपातळ, एका पानाचा. डोक्याशी ‘प्रति’, छातीवर ‘विषय’, पायाशी ‘आपला नम्र’ आणि त्याखाली सही किंवा निळा अंगठा. वरवट बकालच्या झेरॉक्सच्या दुकानात जन्मतो आणि घडी पडायच्या आत संग्रामपूरच्या तहसील कचेरीकडे निघतो. नाव विनंती अर्ज.

२२ जुलै २०२३ ला संग्रामपूर-जळगाव जामोद भागात अतिवृष्टी झाली. असा पाऊस होऊन गेला की दुकानाच्या बाकड्यावर याची बाळंतपणं सुरू होतात. शेतकरी सांगतो, “काय सांगू भाऊ, पान्यानं अख्खं वावर नेलं जी. पराटी कुठी व्हती, थेबी समजत नाही.” लिहिणारा मान हलवतो. कागदावर उतरतं, ‘अतिवृष्टीमुळे शेतजमीन खरडून गेली असून कपाशीचे पूर्ण नुकसान झाले आहे.’ वावराची शेतजमीन झाली, पराटीची कपाशी, दोन एकरांचे ०.८१ हेक्टर. हुंदका बाकड्यावरच राहिला.

हा कोरडेपणा त्याचा स्वभाव. निर्दयपणा म्हणू नका. ज्यानं वाचायचं, त्यानं ते वावर पाहिलेलं नसतं. पंचनाम्याला येणारा माणूस हुंदक्याच्या मागानं येत नाही, गट क्रमांकाच्या मागानं येतो. तारीख, गट, क्षेत्र, पीक एवढं नीट असलं, की बाकी अर्ज अडाणी असला तरी काम करतो.

खोड एकच, वाकून बोलण्याची. ‘वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ म्हणत हा तीन ओळी मुजरे घालतो आणि मागणं पार तळाला, सहीच्या कुशीत लपवतो. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानं कचेरीत मराठी आली. याच्या अंगावरचा दरबारी अंगरखा मात्र उतरला नाही.

त्याचा धाकटा भाऊ, माहिती अधिकाराचा अर्ज, जास्त ताठ. राज्याच्या २०१२ च्या नियमानं त्याला बजावलं, विषय एक, शब्द साधारण दीडशे. दहा रुपयांचं तिकीट लावून तो सरळ विचारतो, अमुक कागदाची प्रत द्या. पीकविम्याच्या नुकसानीची सूचना त्याहून घाईची होती. २०२५ च्या खरिपाआधी बहात्तर तासांत ती पोचावी लागे. तिला मुजऱ्याला सवडच नसे.

थोरल्याची खरी ताकद त्याच्या जुळ्या भावात आहे. खिडकीवर एक प्रत आत जाते, दुसरीवर तारखेसह आवकचा गोल शिक्का बसतो. ही पोच. ‘साहेबाले सांगतलं व्हतं’ हे बोलणं दुसऱ्या दिवशी कोणी मानत नाही. शिक्क्याचा कागद नाकारता येत नाही.

म्हणून लिहिताना मागणं पहिल्या ओळीत घ्या, गट क्रमांक सातबाऱ्याशी ताडून पाहा, आणि पोच हातात आल्याशिवाय खिडकी सोडू नका.