बारा नंबरचा गॅस आणि आतोबांची कॉन्टेसा

वडोदरा म्हटले की आम्हां गोमंतकीयांना सयाजीराव महाराज आठवतात, राजा रविवर्म्याची चित्रे आठवतात, फैयाज खाँसाहेबांचे गाणे आठवते. यंदाच्या मे महिन्यात मी त्या नगरीत आठ दिवस राहिलो, पण ते यांपैकी कशासाठीही नव्हे. एका जुन्या मोटारीचा एसी चालू व्हावा म्हणून!

माझी आत्या लग्न होऊन दांडिया बाजारात गेली त्याला पन्नास वर्षे झाली. आतोबा आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे १९९१ सालची कॉन्टेसा आहे. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये बाजारात आणलेली, ब्रिटिश व्हॉक्सॉल व्हिक्टरच्या साच्यावरची ही ऐसपैस गाडी २००२ मध्ये बनायची बंद झाली. आतोबांची मात्र अजून चालते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी उन्हात फिरायला बंदी घातली. वडोदऱ्याचा मे महिना बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा. गाडीचा एसी बंद. तेव्हा आतेभावाने सुचवले की गाडी विकून टाकावी. गाडी विकली म्हणजे आतोबांचे सकाळचे सूरसागर, दुपारचे वाचनालय आणि मित्राकडची संध्याकाळ, सारेच विकले गेले असते. प्रश्न मोटारीचा कमी आणि माणसाच्या बाहेर पडण्याचा जास्त होता.

एसीतला गॅस कित्येक वर्षांत हळूहळू गळून गेला होता. हा गॅस म्हणजे आर-१२, कारागिरांच्या भाषेत ‘बारा नंबर’. त्याचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. पूर्वी शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू असत. गळती झाली की माणसे मरत. अमेरिकन रसायनतज्ज्ञ टॉमस मिजली याने १९३० मध्ये हा नवा वायू सर्वांसमक्ष छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेटत नाही! असा सज्जन वायू पुढे जगभर घराघरांत शिरला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी सांगितले की हाच वायू उंच आकाशात जाऊन फुटतो आणि त्यातला क्लोरीन ओझोनचा थर खातो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे भगदाड जगाला कळले, १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारतही त्यात सामील झाला.

मी पडलो सरकारी कारकून, तोही कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्रापेक्षा राजपत्र मला जवळचे. ओझोनविषयक नियम आपल्याकडे २००० साली आले. नवी उपकरणे बनवताना हे वायू वापरायला २००३ पासून मनाई झाली आणि १ ऑगस्ट २००८ पासून, दम्याच्या फवाऱ्यांसारखी औषधी गरज वगळता, देशातले त्यांचे उत्पादनच थांबले. विशेष म्हणजे हे वायू बनवणाऱ्या देशातल्या चार कंपन्यांपैकी दोघींचे कारखाने गुजरातेतच होते, एक सुरतेला आणि दुसरा वडोदऱ्याच्या शेजारी पंचमहाल जिल्ह्यातल्या रणजितनगरला. आतोबांच्या गाडीचा गॅस एके काळी जणू गावच्या विहिरीचे पाणी होता. ती विहीर बुजली.

आता भरायचे काय? पहिल्या कारागिराने सोपा मार्ग सांगितला. प्रोपेन-ब्युटेनच्या जातीचे मिश्रण बारा नंबरच्या जागी तसेच भरायचे. तेल बदलायला नको, सुटे भाग नकोत, अर्ध्या तासात थंडगार. खरेच, असे मिश्रण उत्तम थंड करते. पण ते पेटते, आणि ज्या कूलिंग कॉइलमधून ते फिरते ती डॅशबोर्डच्या मागे, माणसांच्या गुडघ्यांपाशी असते. तीस वर्षांचे जुने सांधे आणि आत बसलेले आतोबा, आत्या, दोन नातवंडे! मी आणि आतेभावाने नको म्हटले.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या दुसऱ्या कारागिराने आर-१३४ए हा वायू सुचवला. यात क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनला धोका नाही, आणि तो नेहमीच्या वापरात पेटतही नाही. पण नुसता भरून भागत नाही. बारा नंबरबरोबर कॉम्प्रेसरमध्ये खनिज तेल असते. नव्या वायूत ते विरघळत नाही, मग तेल फिरत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून जुने तेल धुऊन काढून एस्टर तेल घातले. रबरी रिंगा बदलल्या, जुने पाइप बदलले, ओलावा शोषणारा ड्रायर नवा बसवला. नव्या वायूचा दाब उन्हाळ्यात जास्त चढतो म्हणून कंडेन्सरपुढे जादा विजेचा पंखा लावला. नायट्रोजनने गळती तपासली, तासभर व्हॅक्यूम केला आणि मग जुन्या वजनाच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्केच वायू तोलून भरला. खर्च पहिल्या मार्गाच्या सातपट.

एक गोष्ट आम्ही हट्टाने करवून घेतली. गाडीत उरलेला थोडासा बारा नंबर हवेत सोडू दिला नाही, यंत्राने सिलिंडरमध्ये ओढून घ्यायला लावला. “साहेब, एवढ्याशाने आकाशाचे काय होणार?” असे कारागिराने विचारले. पण एक किलो आर-१२ पृथ्वी तापवायला सुमारे दहा हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतका भारी पडतो. असे ‘एवढेसे’ थांबवूनच तो ओझोनचा थर सावरतो आहे. अंटार्क्टिकावरचे भगदाड २०६६च्या सुमारास भरून येईल असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. नवा वायूही निर्दोष नाही, तोही उष्णता वाढवतो. २०१६च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली, त्यामुळे त्याचेही दिवस भरत आले आहेत. पण पेटणाऱ्या गॅसपेक्षा आणि ओझोन खाणाऱ्यापेक्षा तो आज बरा.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या गाड्यांची मोठी स्पर्धा भरली होती. तिथे गाडी किती मूळ स्वरूपात आहे याला मोल असते. ते योग्यच. आतोबांनाही हुरहुर लागलीच. “म्हणजे आता ती अस्सल नाही राहिली ने?” त्यांच्या मराठीला असे गुजराती शेपूट असतेच. आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, “शेव-उसळीतली उसळ आपली, शेव त्यांची. पन्नास वर्षं खाताय, तेव्हा नाही विचारलंत!”

वाचकहो, मला आत्याचे म्हणणे पटले. एक भर मात्र घालावीशी वाटते. जुन्यात नवे घालायचे तर त्याच्या जोडीचे सगळे बदलावे लागते, तेलापासून रबरी रिंगेपर्यंत. वरवरचा बदल वस्तूचाच घात करतो. आपल्या गोव्यातही जुन्या गाड्या प्रेमाने जपणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणी एसीत गॅस भरायला निघाला असेल, तर सिलिंडरात नेमके काय आहे हे आधी विचारावे, आणि जुना गॅस कुठे जाणार हेही.

आतोबांची गाडी पूर्वीइतकी गार होत नाही. सिग्नलला उभी राहिली की हवा थोडी कोमट येते. पण ते सकाळी सूरसागरला जातात, दुपारी वाचनालयात जातात. गाडी विकण्याचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही.