उणे ६९ गुणांचं मांजर

वाचायला सोपं म्हणजे नेमकं काय, याचं गणित मांडता येतं का? अमेरिकेत ते मांडलं गेलं आहे. रुडॉल्फ फ्लेश मूळचे व्हिएन्नाचे. १९४८ साली त्यांनी इंग्रजीसाठी एक सूत्र प्रसिद्ध केलं. वाक्यात सरासरी किती शब्द, आणि शब्द उच्चारताना त्याचे सरासरी किती तुकडे पडतात, एवढंच मोजायचं. (मांजर म्हणजे मां-जर, दोन तुकडे.) पहिल्या आकड्याला १.०१५ ने गुणायचं, दुसऱ्याला ८४.६ ने, आणि दोन्ही गुणाकार २०६.८३५ मधून वजा करायचे. उत्तर नव्वदच्या वर आलं तर पाचवीतल्या मुलालाही मजकूर कळेल, तीसच्या खाली आलं तर पदवीधरालाच.

आता गंमत बघा. 'आजोबांच्या अंगणातल्या झाडाखाली मांजर झोपलं.' दुसरीतलं मूलही हे वाचेल. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. पाच शब्द, सोळा तुकडे. उत्तर आलं उणे ६९! हेच वाक्य इंग्रजीत केलं, तर नऊ शब्द, बारा तुकडे आणि ८५ गुण. मांजर तेच, झाडही तेच. पण आपले 'च्या', 'तल्या', 'खाली' नामाला चिकटून बसतात, इंग्रजीत त्यांच्या जागी बहुतेक सुटे शब्द येतात. शब्द लांब झाला म्हणून तो आपल्याला अवघड होत नाही. उलट मुलं जिथे खरोखर अडखळतात ती जोडाक्षरं या सूत्राला दिसतच नाहीत.

त्याच लेखात फ्लेश यांनी आणखी एक सूत्र दिलं होतं, मजकुरात वाचकाचं मन किती रमेल याचं. त्यात मी, तू, माणसांची नावं असे शब्द मोजायचे, शिवाय संवादांची आणि प्रश्नांची वाक्यं. हा विचार मला पटला. गोष्टीत माणूस आला की वर्ग कान टवकारतो, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं. पण मराठीत 'येतेस का?' म्हटलं की 'तू' त्यात आलीच! मोजणाऱ्याला ती सापडायची कुठे?

हा सगळा खटाटोप माझ्या नातीसाठी. ती इंग्रजी माध्यमात शिकते. तिच्यासाठी मी माझ्या लहानपणच्या आठवणी एका वहीत लिहिते आहे. शंका विचारायला मी नसेन, तेव्हाही ती वही तिला एकटीला वाचता आली पाहिजे. परवा काही पानं तिला दिली. लांबलचक वाक्यं तिने भराभर वाचली आणि 'मन खट्टू झालं' इथे गाडी थांबली. "आजी, खट्टू म्हणजे?"

मग आठवली १९५३ सालची विल्सन टेलर यांची पद्धत. उताऱ्यातला दर पाचवा शब्द गाळायचा आणि वाचणाऱ्याला तो ओळखायला लावायचा. म्हणजे आपल्या 'गाळलेल्या जागा भरा'ची बहीणच! फरक इतकाच, की आम्ही शिक्षक हवा तो शब्द गाळायचो, टेलर मोजून गाळतात. इथे शब्दाची लांबी नाही, तर वाचणाऱ्याला किती उमगलं ते मोजलं जातं. त्यामुळे भाषेचा अडसर येत नाही.

एक पान तसं करून नातीला दिलं. 'पडवीत'च्या जागी तिने 'बाल्कनीत' लिहिलं. टेलर यांच्या मोजणीत नेमका मूळचाच शब्द यावा लागतो, तेव्हा हे चूक. मी मात्र पूर्ण गुण दिले. घराबाहेरची, बसायची जागा तिला बरोबर दिसली होती.

आणि 'खट्टू' काही मी काढला नाही. पुढे एक वाक्य वाढवलं : त्या रात्री मी जेवले नाही, कोणाशी बोललेही नाही. ते वाचून ती म्हणाली, "असं होय!" आणि पान उलटलं.