दिवस भरले, कळा का नाहीत?

लोणावळा,
श्रावण

चि. छकुलीस,


काल फोनवर तू विचारलंस, "मावशी, तारीख उलटून गेली तरी कळा का येत नाहीत?" मागून तुझी आई सांगत होती की गुरुवार चांगला आहे, डॉक्टरांना सांगून सलाईन लावून घेऊ. पावसात तुमच्या अंदर मावळात फोन धड लागत नाही, आणि आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला दोन वाक्यांत उत्तर देणं जमत नाही. म्हणून हे पत्र. दादा उद्या सकाळच्या लोकलने कान्ह्याला उतरून टाकव्याला येईल, त्याच्या हाती देते.

अगं, गर्भाशय म्हणजे स्नायूची पिशवी. एरवी साधारण ७० ग्रॅमची, आता तुझी किलोभराच्या पुढे गेली असेल. पेशी वाढल्या, ताणल्या, त्यांच्यात आकुंचनाची प्रथिनं ठासून भरली. एवढा दांडगा स्नायू आणि आत हातपाय झाडणारं बाळ. तरीही त्याने इतके महिने आवळून बाळाला बाहेर ढकललं नाही, हेच खरं नवल. कळा का येत नाहीत हे सगळेच विचारतात; इतके दिवस त्या कुणी थोपवून धरल्या, हे विचारायला हवं. अर्पाद चापो नावाच्या हंगेरियन संशोधकाने १९५६ मध्ये त्याचं उत्तर मांडलं: प्रोजेस्टेरॉन. हे संप्रेरक स्नायूला गप्प बसवतं.

मग शेवटी ते कमी होत असणार, असं कुणालाही वाटेल. उंदरांत, मेंढ्यांत तसंच होतं. न्यूझीलंडच्या ग्रॅहम लिगिन्सनी १९६०च्या दशकात मेंढ्यांवर काम करून दाखवलं की पोटातल्या कोकराच्याच ग्रंथींमधून इशारा सुटतो, त्याने वार बदलते, प्रोजेस्टेरॉन खाली येतं आणि मेंढी विते. बाईचं मात्र तसं नाही. वार पडेपर्यंत तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन भरपूर असतं. पहारा उठलेला नसताना कळा येतातच कशा, या कोड्याने कित्येक दशकं संशोधकांना छळलं.

उत्तर रक्तात सापडलं नाही, स्नायूच्या पेशीत सापडलं. प्रोजेस्टेरॉनचा निरोप घेणारं प्रथिन, म्हणजे त्याचा ग्राही, दोन रूपांत असतो: 'अ' आणि 'ब'. 'ब' जोरात असतो तोवर कळांची जनुकं दबलेली राहतात. दिवस भरत येतात तसा 'अ'चा वाटा वाढतो. टोरांटोच्या एका गटाने २०१६ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. त्याच सुमारास स्नायूची पेशी स्वतःच एक विकर वाढवते आणि आत आलेल्या प्रोजेस्टेरॉनची तिथल्या तिथे मोडतोड करते. रक्तात संप्रेरक रग्गड, पण पेशीच्या केंद्रकात वानवा! एकटा उरलेला 'अ' मग दुसरीकडे हातमिळवणी करतो आणि आजवर दाबलेली जनुकं चालू करायला मदत करतो. प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी करून तुझ्या कळांची वेळ का सांगता येत नाही, ते आता कळलं असेल.

ही जनुकं कोणती? एकाचं नाव कनेक्सिन ४३. त्याच्या प्रथिनाने शेजारशेजारच्या पेशींमध्ये बारीक मार्ग तयार होतात आणि एका पेशीत उठलेली विजेची लाट पुढे पसरते. १९७७ मध्ये गारफिल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या गर्भाशयात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून हे मार्ग पाहिले: प्रसूतीच्या वेळी भरपूर, त्याआधी जवळजवळ नाहीतच. हे मार्ग नसतील तर एक कोपरा आवळतो आणि बाकीच्याला पत्ता नसतो. संध्याकाळी तुझं पोट मध्येच दगडासारखं होतं आणि सुटतं, त्या खोट्या कळा अशाच असतात. त्यांना कंटाळू नकोस. दुसरं जनुक ऑक्सिटोसिनच्या ग्राहीचं, तिसरं प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या विकराचं. पहिल्या दोघांना दाबून ठेवणारं 'झेब' नावाचं प्रथिन प्रोजेस्टेरॉनच्या जोरावर टिकतं. शेवटी शेवटी पेशीत मायक्रो-आरएनएचे इवलेसे तुकडे वाढतात आणि ते त्या झेबचाच बंदोबस्त करतात. टेक्सासमधल्या एका प्रयोगशाळेने हे २०१० मध्ये दाखवलं. दाबणाऱ्याला दाबलं की दबलेला वर येतो. आपल्या राजकारणात हे नवं नाही.

मला सगळ्यात भावलेलं काम मात्र २०२० मधलं, तेही टोरांटोचंच. उंदरीण एकोणीस-वीस दिवसांत विते. पंधराव्या दिवशी, स्नायू अगदी शांत असतानाच, कळांच्या कित्येक जनुकांपाशी डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर 'चालू'च्या रासायनिक खुणा उमटलेल्या दिसल्या. जनुकांकडून मोठ्या प्रमाणावर काम मात्र नंतर, वेळ आल्यावर सुरू होतं. चिखलणी झालेली, रोप हाताशी आलेलं, आणि आवणी अजून सुरू नाही, असं तुमच्या खाचरांचं आषाढातलं रूप तू दरवर्षी बघतेस, तसंच हे. त्यामुळे 'काहीच होत नाहीये' असं म्हणू नकोस. बाईच्या स्नायूचा अभ्यास जास्त कठीण, कारण नमुना मिळतो तो सीझरच्या वेळी, तिच्या परवानगीने, छेदाच्या कडेचा छोटासा तुकडा. एकाच बाईचा आठव्या महिन्यातला आणि कळांमधला स्नायू शेजारी ठेवून बघता येत नाही.

आता तुझ्या आईच्या गुरुवारबद्दल. सलाईनमधून देतात ते ऑक्सिटोसिन. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून काही गोठ्यांत चोरून टोचतात, ज्याला कायद्याने बंदी आहे, तेच हे. हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आवळतं हे पाहिलं. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ चं नोबेल मिळवलं. औषध उत्तमच आहे, बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात जीव वाचवणारं आहे. पण ते घेणारे ग्राही स्नायूवर पुरेसे आलेले नसतील तर बाटलीमागून बाटली लावूनही काम रेंगाळतं. म्हणून चांगला डॉक्टर आधी पिशवीचं तोंड मऊ झालंय का ते तपासतो, गरज पडली तर त्यासाठी वेगळं औषध देतो. हे तोंड फारसं स्नायूचं नसून कोलॅजनचं, त्याचा कारभारही निराळा. ते वेळेआधीच उघडू लागलं तर स्नायू कितीही शांत असला तरी बाळ टिकत नाही. आपले डॉ. वि. ना. शिरोडकर, मूळचे गोव्याचे, मुंबईत काम करणारे, त्यांनी त्यावर टाका घालण्याची पद्धत १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. आज जगभर तो 'शिरोडकर टाका' म्हणूनच ओळखला जातो.

मुहूर्त काढून सीझर करून घेणाऱ्यांची मला चीड येते, हे तुझ्या आईला वाचून दाखव. ३९ आठवडे भरायच्या आत असं केलं तर बाळाला श्वासाचा त्रास व्हायची शक्यता वाढते. तुझे ४० पूर्ण झालेत, तो धोका टळलाय. पण पंचांग बघून सलाईन लावण्यात मला काही अर्थ दिसत नाही. उलट अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं दुखणं बघ: २०२० मध्ये एकट्या भारतात अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली. या स्नायूला गप्प ठेवणारी यंत्रणा नीट उमगली तर त्यातली काही तरी पोटात आणखी थोडे दिवस राहतील. माझ्या मते हे संशोधन त्यांच्यासाठी आहे.

धीर धर म्हणते, पण हातावर हात ठेवून बसू नकोस. बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी गेलं, अंगावरून लाल गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारलं, तर रात्र असो की पाऊस, १०८ ला फोन कर. आशाताईंना आजच सांगून ठेव. खरं तर या पावसात तिकडे थांबण्यापेक्षा वडगावला किंवा तळेगावला दवाखान्याजवळ येऊन राहा, नाहीतर सरळ माझ्याकडे ये. फाइल आणि सोनोग्राफीचे कागद पिशवीत भरून दाराशी ठेव. आणि ४१ आठवडे पुरे झाल्यावर डॉक्टरांनी सलाईन सुचवलं, तर वार कोणता आहे ते न बघता हो म्हण.

तुझी,
मावशी