निष्ठा कोणी ठेवायची?

नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन सीझनमध्ये, डेस बकिंगहॅम मुंबई सिटी सोडून ऑक्सफर्ड युनायटेडला गेला. आम्ही फॅन्स जाम चिडलो. चिडणारच ना! २०२२-२३ ची लीग शील्ड जिंकून देणारा कोच असा मध्येच जातो?

परवा नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटवर जिप्सीची वाट बघताना गोंदियाचा मित्र म्हणाला, "अबे, ऑक्सफर्ड त्याचं गाव होय ना! घरी जाणं म्हणजे गद्दारी का?"

मुद्दा बरोबर. पण पुढचं ऐका. मे २०२४ मध्ये त्याने गावच्या टीमला वरच्या डिव्हिजनमध्ये नेलं. डिसेंबरमध्ये त्याच क्लबने त्याला काढलं. सात महिन्यांत!

आपल्या आयटीवाल्यांना यात नवीन काय? असो. मॅनेजरकडे मी निष्ठा मागत नाही. आहेस तोवर मनापासून काम कर, बस. निष्ठेचं खातं आम्हा फॅन्सकडे.