दोन व्ह्यू, तीन आकार
अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला मी ग्राफिक्स शिकवते. सत्र सुरू झालं की कॉम्प्युटरचं कुणीतरी विचारतंच, "मॅडम, आम्हाला ड्रॉइंग कशाला?" प्रश्न रास्त आहे. शाखा कुठलीही मिळो, पहिलं वर्ष बहुतेक सगळ्यांचं सारखं: गणित, मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल, प्रोग्रॅमिंग, ग्राफिक्स, वर्कशॉप. अर्ध्या मुलांना आधी फिजिक्स, अर्ध्यांना आधी केमिस्ट्री, पुढच्या सत्रात अदलाबदल. प्रयोगशाळा पुरायला हव्यात ना. त्यात प्रवेशाच्या कॅप राउंड लांबल्या की पहिलं सत्र आखडतं आणि अभ्यासक्रम तेवढाच राहतो.

त्या प्रश्नाला मी लगेच उत्तर देत नाही. फळ्यावर एक चौरस काढते, त्याच्या बरोबर खाली तेवढाच दुसरा. वरचा फ्रंट व्ह्यू, खालचा टॉप व्ह्यू. वस्तू कोणती? "क्यूब!" सगळा वर्ग एका सुरात. मग साबणाच्या चौकोनी वड्या वाटते. हेच दोन व्ह्यू यायला हवेत, पण क्यूब नको, कापा. बराच वेळ सगळे वडी नुसती फिरवत बसतात. मग कुणीतरी धीर करून तिरपा काप देतं आणि हातात पाचर येते: समोरून चौरस, वरून चौरस, बाजूने त्रिकोण. शेजारचा आपली वडी सरळ उताराऐवजी गोलसर तासतो, तर पाव दंडगोल. त्याचेही समोरून आणि वरून चौरसच! तिसरा व्ह्यू कशाला लागतो, हे मला मग सांगावं लागत नाही. तीन मिती कागदावर उतरवताना काहीतरी हरवतं, आणि नेमकं काय हरवलं हे ओळखायची गरज कॉम्प्युटरवाल्यालाही पडते.

तीन मिती कागदावर उतरवायची ही विद्या अठराव्या शतकात गणितज्ञ गास्पार मोंज यांनी फ्रान्समध्ये किल्ल्यांच्या आखणीसाठी रचली. लष्कराने ती काही वर्षं गुपित ठेवली होती. १७९५ साली पॅरिसमध्ये त्यांनी तिच्यावर खुली व्याख्यानं दिली. आपल्याकडे तीच विद्या सबमिशनच्या आठवड्यात काचेखाली बल्ब लावून मित्राच्या शीटवरून उतरवली जाते. मुलं त्याला जीटी मारणं म्हणतात. मी मुलांना दोष देत नाही. टर्मवर्कचे गुण पुऱ्या झालेल्या शीटला मिळतात, वडी फिरवत घालवलेल्या वेळाला नाही.

मला खरी खंत आहे ती वर्कशॉपची. फिटिंगच्या जॉबचं ड्रॉइंग तिथे भिंतीवर आयतं लावलेलं असतं. माझ्या बॅचने जॉबचं ड्रॉइंग स्वतः काढून न्यावं, असं मी तिथल्या सरांशी बोलून ठरवलं. शीटवरच्या रेघेला जाडी नसते, पण हॅक्सॉचं पातं मिलिमीटरभर लोखंड खातं. म्हणून काप रेघेच्या बाहेरून घ्यायचा आणि कानशीने रेघेपर्यंत यायचं, हे हातांना तिथेच कळतं. एखादं माप लिहायचं राहिलं असेल तर सर जॉब सुरूच करू देत नाहीत. ड्रॉइंग माझ्याकडे परत येतं, आणि ते मूल पहिल्यांदाच स्वतःची शीट वाचू लागतं.

सध्या हे जमतं ते आम्हा दोघांचे तास योगायोगाने लागून आल्यामुळे. पुढच्या टाइमटेबलच्या बैठकीत मी मागणार आहे ते इतकंच: प्रत्येक बॅचला ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल आधी, आणि त्याच आठवड्यात वर्कशॉप.